तीन कॉर्ड आणि चौदा नोड

खाडीपलीकडच्या शहराला मोठ्या आवाजाचं अप्रूप आता राहिलेलं नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली उघडलं ते क्रिकेटसाठी. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथं झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तोही तिथंच. पण या मैदानाला गाण्याचीही सवय लागली आहे. १० मे २०१७ ला जस्टिन बीबर आला, १५ डिसेंबर २०१९ ला आयर्लंडचा यू टू आला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेनं तीन रात्री गाजवल्या. जगातले बडे बँड मुंबईत आले असं बातम्यांनी म्हटलं, तरी ते उतरले नवी मुंबईत.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, ग्रीन डे हा अमेरिकन बँड पहिल्यांदा भारतात वाजवायला आला. तो मात्र महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, ‘लोलापलूझा इंडिया’ महोत्सवात. ज्यांना ऐकायचं होतं त्या नवी मुंबईकरांनी हार्बरनं कुर्ला गाठलं, दादरला गाडी बदलली आणि महालक्ष्मीला उतरले. खरं म्हणजे या बँडची गोष्ट उलटी आहे. ती उपनगरात सुरू होते, उपनगराबद्दलच बोलते आणि अडतीस वर्षं त्याच एका विषयाला धरून राहते. पॉप पंक या संगीतप्रकारातला हा बहुधा सर्वांत टिकाऊ संसार. आखीव सेक्टरांच्या आपल्या शहरात बसून तो वाचला, तर काही गोष्टी नीट दिसतात आणि एक गोष्ट खटकते.

रिफायनरीच्या वासातलं गाव

कॅलिफोर्नियात ओकलंडच्या उत्तरेला, सॅन पाब्लो उपसागराच्या काठी रोडिओ नावाचं लहानसं गाव आहे. १८९६ मध्ये तिथं तेल शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. गावातल्या पोरांना त्या वासाचं वेगळं काही वाटत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. नोसिलच्या चिमण्या आणि पावणे-तुर्भ्याची रासायनिक हवा या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांनी नाकात घेतलेली आहे.

याच रोडिओत बिली जो आर्मस्ट्राँग वाढला. जन्म १७ फेब्रुवारी १९७२ चा, सहा भावंडांत धाकटा. वडील जॅझचे ड्रमवादक, पण पोटासाठी ट्रक चालवायचे. सप्टेंबर १९८२ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगानं ते गेले, तेव्हा बिली जो दहा वर्षांचा होता. आई हॉटेलात वेट्रेस. त्याच सुमारास शाळेच्या कँटीनमध्ये त्याची माइक प्रिचर्डशी गाठ पडली. माइकही त्याच वयाचा, त्याच्याही घरचं फारसं बरं नव्हतं. पुढे माइक काही काळ आर्मस्ट्राँगांच्याच घरी राहिला. तोच आजचा माइक डर्न्ट, बँडचा बेसवादक.

आईनं बिली जोला एक निळी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, त्याच्या गिटारच्या मास्तरांकडूनच. फर्नांडिस कंपनीची, नामांकित स्ट्रॅटोकास्टरची स्वस्त नक्कल. तिचं नाव त्यानं ‘ब्लू’ ठेवलं. तिच्यावर स्टिकर चिकटवले, मूळचा पिकअप काढून जाड आवाजाचा हंबकर बसवला. पुढं कोट्यवधी लोकांनी ऐकलेला आवाज तो हाच. जग जिंकल्यावर महागड्या गिटारींची रांग लागली असेल, पण स्टिकरांनी भरलेली ती निळी पाटी मंचावर येत राहिली.

१७ ऑक्टोबर १९८७ ला या पोरांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. जागा होती व्हॅलेहोचं रॉड्स हिकरी पिट, म्हणजे आई जिथं ताटं उचलायची ते हॉटेल. बँडचं नाव तेव्हा स्वीट चिल्ड्रन होतं. १९८९ मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड निघण्याच्या बेताला ते ग्रीन डे झालं. फेब्रुवारी १९९० मध्ये, अठरावा वाढदिवस उद्यावर आलेला असताना, बिली जोनं शाळा सोडली.

गंधार नसलेलं गाणं

हे संगीत आहे तरी कसं? एखाद्या नवशिक्याचा हात जवळून पाहा. पहिलं बोट सर्वांत जाड तारेवर, तिसरं बोट दोन पट्ट्या पुढं शेजारच्या तारेवर. बस्स. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्या भाषेत तो केवळ षड्ज आणि पंचम. गंधारच नाही, त्यामुळे शुद्ध की कोमल हा प्रश्नही नाही; कॉर्ड आनंदी की उदास हे गाणाऱ्याच्या गळ्यानं ठरवायचं. बोटांची ती घडी तशीच ठेवून हात वर-खाली सरकवला की पुढची कॉर्ड मिळते. उजव्या हाताचा तळवा तारांवर अलगद टेकवला की आवाज दबका, ठोकल्यासारखा येतो. ध्रुवपदाला तळवा उचलायचा आणि सगळं मोकळं सोडायचं. बहुतेक घाव वरून खाली मारायचे, म्हणून तर चार गाण्यांत मनगट भरून येतं.

आठवडाभरात जमेल इतकं हे सोपं आहे आणि तिथंच त्याची खरी ताकद आहे. १९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून रामोन्स निघाले आणि दोन-दोन मिनिटांची, धावती, गुणगुणता येण्याजोगी गाणी घेऊन आले. इंग्लंडात बझकॉक्सनी त्यात प्रेमभंग मिसळला. लॉस एंजेलिसजवळच्या किनारपट्टीवरच्या डिसेंडेंट्सनी १९८२ च्या ‘मायलो गोज टू कॉलेज’मध्ये चष्मेवाल्या, घरात बसून कंटाळलेल्या मुलाला नायक केलं. रागाला चाल मिळाली की पॉप पंक होतं. या प्रकारातल्या बँडांचे पत्ते बघा. ब्लिंक-१८२ सॅन दिएगोलगतच्या पोवेचे, सम ४१ टोरांटोजवळच्या एजॅक्सचे, ग्रीन डे रोडिओचे. मोठ्या शहराच्या बाजूला वसवलेल्या, रस्ते रुंद आणि संध्याकाळी करण्यासारखं काही नसलेल्या वस्त्यांचं हे संगीत आहे.

आता आपल्याकडे या. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. चौदा नोड आखले गेले. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरात शाळा, बाजार, बाग, आणि सगळीकडे प्लॉट नंबर. १९७३ मध्ये खाडीपूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली. मुंबईत न मावलेली मध्यमवर्गीय कुटुंबं इकडे सरकली. शहर स्वच्छ, हवा खेळती, आणि कॉलेजच्या पोरांना रात्री आठनंतर मॉलखेरीज जायला जागा नाही. १९९४ च्या ‘लाँगव्ह्यू’ या गाण्यातला मुलगा टीव्हीपुढं सोफ्यावर लोळून कंटाळलेला आहे. त्याला कोपरखैरण्याच्या वन-बीएचकेत आणून बसवलं, तर केबलवाल्याखेरीज फारसं काही बदलावं लागणार नाही.

आठव्या गल्लीतलं गोदाम

ग्रीन डेच्या गोष्टीत खरा नायक एक इमारत आहे. बर्कलीच्या औद्योगिक भागात गिलमन स्ट्रीट आणि आठव्या गल्लीच्या कोपऱ्यावर असलेली. ३१ डिसेंबर १९८६ ला तिथं पहिला कार्यक्रम झाला. ‘मॅक्सिमम रॉक-एन-रोल’ हे पंकचं मासिक चालवणारे टिम योहॅनन आणि त्यांच्या मंडळींनी ती जागा उभी केली. कुणी मालक नाही, नफा नाही, सगळं स्वयंसेवकांवर. दाराशी नियम लिहिलेले: दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांचा किंवा समलैंगिकांचा अपमान नाही. कुठल्याही वयाच्या मुलाला आत येता यावं म्हणूनच दारू नाही. पंधरा वर्षांची पोरं तिथं आली, झाडू मारला, तिकिटं फाडली आणि आपली पाळी आल्यावर वाजवलं.

गिलमनच्याच परिसरातून लॅरी लिव्हरमोर यांची लुकआउट रेकॉर्ड्स ही घरगुती कंपनी निघाली. तिनं ग्रीन डेचे ‘३९/स्मूद’ (१९९०) आणि ‘करप्लंक’ हे पहिले दोन अल्बम काढले. लिव्हरमोर यांच्या स्वतःच्या बँडमध्ये बाराव्या वर्षापासून ड्रम वाजवणारा एक पोरगा होता, फ्रँक राइट ऊर्फ ट्रे कूल. १९९० मध्ये तो ग्रीन डेत आला तो आजतागायत आहे. त्याचे वडील ट्रक चालवत. फिरत्या ग्रंथालयाची जुनी गाडी बदलून घेऊन त्यांनी बँडला गावोगाव नेलं. आपल्याकडे नाटकाच्या बसचा ड्रायव्हर कंपनीचा अर्धा मालक असतो, तसं काहीसं.

आता गंमत पाहा. १९९३ मध्ये ग्रीन डेनं रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार केला आणि गिलमनचं दार त्यांना बंद झालं. बड्या कंपनीचे बँड इथं वाजवणार नाहीत, हा तिथला नियमच होता. ज्या जागेनं घडवलं तिनंच बाहेर काढलं. पुढं वीस-बावीस वर्षं ही सल होती. मे २०१५ मध्ये, आगीत होरपळलेल्या एका प्रकाशन संस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी, ग्रीन डे पुन्हा गिलमनमध्ये वाजले. तोवर त्यांची गाणी स्टेडियमांत घुमत होती.

चिखल, दात आणि दोन पुनर्जन्म

१ फेब्रुवारी १९९४ ला ‘डूकी’ आला. बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत, निर्माता रॉब कॅव्हालोबरोबर, जेमतेम तीन आठवड्यांत केलेला. नव्या कॉर्ड नाहीत, नवी वाद्यं नाहीत. आवाज मात्र लख्ख, आणि गाणी वेड लागल्याची, पॅनिक अटॅकची, कंटाळ्याची. अमेरिकेतच त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, १९९५ मध्ये ग्रॅमीही मिळालं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात पावसानं चिखल झाला होता. प्रेक्षकांनी बँडवर चिखल फेकला, बँडनं परत फेकला, लोक मंचावर चढले, आणि चिखलानं माखलेल्या माइक डर्न्टला सुरक्षारक्षकानं घुसखोर प्रेक्षक समजून आपटलं. त्याचे दात तुटले. पुढच्या महिन्यात बॉस्टनमधल्या मोफत मैफलीत इतकी गर्दी लोटली की कार्यक्रम आवरता घ्यावा लागला.

एवढं यश पचवणं अवघड असतं. ‘इन्सोम्नियाक’ (१९९५) काळवंडलेला होता. ‘निमरॉड’मध्ये (१९९७) त्यांनी एक साधं अकूस्टिक गाणं घेतलं, व्हायोलिनच्या साथीनं. निरोपाच्या त्या कडवट गाण्याचा जगानं निरोपसमारंभाचा गोड प्रघात करून टाकला. ‘वॉर्निंग’ (२०००) कमी खपला. २००२ च्या संयुक्त दौऱ्यात तर धाकट्या ब्लिंक-१८२ च्या आधी त्यांना वाजवावं लागलं. थकलेल्या बँडची ही ठरलेली उतरण. इथून बहुतेक जण जुनी गाणी वाजवत जगतात.

२००३ मध्ये नव्या अल्बमच्या टेप गायब झाल्या. त्या परत रेकॉर्ड करण्याऐवजी त्यांनी सगळंच नव्यानं लिहायला घेतलं. इराकचं युद्ध चालू होतं, टीव्हीवर चोवीस तास बातम्या. २१ सप्टेंबर २००४ ला ‘अमेरिकन इडियट’ आला. त्यातला नायक ‘जीझस ऑफ सबर्बिया’, उपनगराचा येशू, त्याच नावाचं गाणं नऊ मिनिटांहून मोठं आणि पाच तुकड्यांचं. तीन कॉर्डांच्या बँडनं एकदम संगीतिका लिहिली. त्यात सप्टेंबर संपेपर्यंत उठवू नका असं सांगणारंही एक गाणं आहे. बिली जो दहा वर्षांचा असताना गेलेल्या वडिलांचं. या अल्बमनं त्यांना पहिल्यांदाच बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. २००५ आणि २००६ या दोन्ही वर्षी त्याच्या नावावर ग्रॅमी पडले. पुढं त्यावर नाटक झालं. २००९ मध्ये बर्कलीत, २०१० मध्ये ब्रॉडवेवर. त्याला दोन टोनी मिळाले.

२००६ च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये, कतरिना वादळात उद्ध्वस्त झालेलं सुपरडोम मैदान पुन्हा उघडलं तेव्हा ग्रीन डे आणि यू टू एका मंचावर आले. दोघांनी मिळून स्किड्स या स्कॉटिश पंक बँडचं एक जुनं गाणं गायलं. तेरा वर्षांनी यू टू नेरूळला आले. डब्लिनमधल्या शाळेच्या फलकावर १९७६ मध्ये चौदा वर्षांच्या लॅरी मलननं लावलेल्या चिठ्ठीतून हा बँड निघाला होता. पंक आजूबाजूला घुमत असताना वाढलेला. दोघांची मुळं शाळेच्या आवारात आहेत.

टिकणं म्हणजे काय

बँड मोडायला फार काही लागत नाही. पैसा, बायको, दारू, किंवा एकाला आपणच बँड आहोत असं वाटू लागणं. ब्लिंक-१८२ दोनदा फाटला आणि दोनदा शिवला गेला. सम ४१ नं जानेवारी २०२५ मध्ये शेवटची मैफल करून दुकान आवरलं. ग्रीन डेत १९९० पासून तीच तीन माणसं आहेत. अडचणी त्यांनाही आल्या. २०१२ मध्ये लास वेगासच्या मंचावर बिली जोनं वेळ कापली म्हणून गिटार आपटली, शिव्या दिल्या आणि तिथून तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. हिशेबाचे वादही झाले. मानधन थकल्यानं २००५ मध्ये त्यांनी जुने अल्बम लुकआउटकडून काढून घेतले. त्यातून ती छोटी कंपनी सावरली नाही.

२०१५ मध्ये पात्र ठरण्याच्या पहिल्याच वर्षी त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं आत घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘सेव्हियर्स’ आला. त्या दौऱ्यात त्यांनी ‘डूकी’ आणि ‘अमेरिकन इडियट’ हे दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवले. त्या मैफलींत एका रांगेत बाप असतो आणि शेजारी त्याची मुलगी, दोघांनाही प्रत्येक ओळ तोंडपाठ. पन्नाशी ओलांडलेले तिघं सतरा वर्षांच्या रागाची गाणी म्हणतात आणि हास्यास्पद वाटत नाहीत. याचं कारण, ती गाणी तरुणाईची नाहीत, जागेची आहेत. बाजूला पडल्याची ती भावना वयानं जात नाही.

बंड इथं होतंच

नवी मुंबईला बंड कुणी शिकवायला नको. सिडकोसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. शेतकऱ्यांचा हा संताप आणि सेक्टरातल्या मुलाचा कंटाळा एका तराजूत तोलता येणार नाहीत. एकात भाकरीचा प्रश्न होता, दुसऱ्यात रिकाम्या संध्याकाळचा.

संगीतही इथं होतंच. दिवाळे, सारसोळे, घणसोली, करावे, कुठल्याही गावठाणात हळदीच्या रात्री जा. ट्रॉलीवर बँजो पार्टी उभी असते. टाइपरायटरसारख्या कळा असलेला बुलबुलतरंग, जपानच्या तैशोगोतोचा वंशज, त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलेला. बाजूला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशे. कळीवर बोट, तारेवर घाव, आणि कोळीगीताची चाल छातीत ठोकत निघते. बाहेरून शिकवणारा कुणी नाही. काकाचा बँजो, चुलतभावाचा ताशा. इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडूनच शिकत आली. पॉप पंकची सगळी लक्षणं इथं आहेत: स्वस्त वाद्य, मोजक्या चाली, जोरदार आवाज आणि आपला प्रेक्षक. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, पण गावठाणातल्या वाजवणाऱ्यांना चित्रपटाची गरज कधीच नव्हती.

गावठाणाजवळ हळद आहे, जत्रा आहे, गणपती आहे. सेक्टरातल्या मुलाजवळ काय आहे? ड्रमसेट घेतला तर खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात. आणि त्यांचंही चुकतं असं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रमची एक थाप ती सहज ओलांडते. मग पोरं तासावर भाड्यानं सराव-खोली घेतात आणि कार्यक्रमासाठी पूल ओलांडतात.

पुलापलीकडेही मुंबईत जागा टिकल्या नाहीत. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून फरहाद वाडियांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव व्हायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते खुलं नाट्यगृह गप्प केलं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये बंद पडलं. तरीही मुंबईतून द लाइटइयर्स एक्सप्लोडसारखा बँड आला. त्यांचा ‘द रिव्हेंज ऑफ कालिचरण’ २०१३ चा. द रायट पेडलर्सनी पंकमध्ये राजकारणाची टर उडवली. पण दोन्ही बँडांना वाजवायला मिळाल्या त्या बहुधा दारूच्याच जागा. दारू विकली तर भाडं निघतं आणि दारू विकली की पंधरा वर्षांच्या मुलाला आत जाता येत नाही. गिलमननं नेमका हाच पेच सोडवला होता.

गाळा

म्हणून खटकतं ते हे. नवी मुंबईकडे जगातला सर्वांत मोठा बँड बोलावण्याइतकं मैदान आहे आणि बँड जन्माला येईल अशी एक खोली नाही. विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पण ते नाटकाचं. बेलापूरला कोरियांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे, पण ती घरं आहेत. शेवटच्या पायरीची आखणी झाली, पहिल्या पायरीची विसरली.

आणि पहिल्या पायरीला लागणारी गोष्ट शहरात पडून आहे. ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे टीटीसीच्या एमआयडीसी पट्ट्यात, रबाळे ते तुर्भे, गाळ्यांची रांग आहे. त्यातले कितीतरी कुलूपबंद. औद्योगिक भागाला नियमांनीच दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मुभा दिली आहे. झोपमोड व्हायला शेजारी नाही. स्टेशनं चालत गाठता येतात. गिलमनही तसाच औद्योगिक पट्ट्यातला गाळा आहे. भाडं, अग्निशमनाची तपासणी, पोलिसांची परवानगी, दाराशी नियमांची पाटी आणि झाडू मारायला पोरं. एखाद्या नगरसेवकाच्या निधीतही बसेल अशी ही गोष्ट आहे. गणेशोत्सवाचे मंडप आपण दरवर्षी यापेक्षा किचकट परवानग्या काढून उभे करतो.

अडचण येईल ती वेळेची. रात्री दहाला आवाज बंद म्हणजे बंद, असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. संध्याकाळी सहाला दार उघडलं तर चार तास मिळतात. गाणी अडीच मिनिटांची आहेत. त्यात सेक्टरातले चार बँड बसतील, गावठाणातली बँजो पार्टीही बसेल आणि शेवटची लोकल चुकणार नाही.